सल्ला आणि संमती (अमेरिकेचे संविधान)

सल्ला आणि संमती हे अमेरिकेच्या संविधानातील एक तत्त्व असून त्यानुसार राष्ट्राध्यक्षाने सुचविलेल्या उच्चपदस्थ व्यक्तींच्या नेमणुकांना संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, म्हणजे सिनेटची, मान्यता आवश्यक असते. मंत्री, राजदूत, सर्वोच्च न्यायालयासह सर्व संघीय न्यायालयांचे न्यायाधीश, स्वायत्त आयोगांचे सदस्य आणि सैन्यदलांतील अधिकारी या सर्वांना ही तरतूद लागू आहे. परराष्ट्रांशी होणाऱ्या तहांनाही सिनेटची संमती लागते. मात्र तेथे उपस्थित सदस्यांच्या दोन-तृतीयांश बहुमताची अट आहे, तर नेमणुकांसाठी साधे बहुमत पुरते. प्रस्तुत लेखात केवळ नेमणुकांचा विचार केला आहे.

नाव सुचविण्याचा अधिकार एकाकडे आणि ते मान्य करण्याचा अधिकार दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी आहे. सिनेट स्वतःहून कोणाचे नाव पुढे करू शकत नाही आणि राष्ट्राध्यक्ष सिनेटला वगळून कायमची नेमणूक करू शकत नाही. त्यामुळे शासनसत्तेचा समतोल राखणाऱ्या परस्पर-नियंत्रणाच्या योजनेतील हा एक महत्त्वाचा दुवा मानला जातो. तो दोन्ही बाजूंनी ताणला गेल्याची उदाहरणे अमेरिकेच्या इतिहासात विपुल आहेत.

संविधानातील तरतूद

ही तरतूद संविधानाच्या दुसऱ्या अनुच्छेदातील दुसऱ्या कलमात आहे. तिचे तीन भाग पडतात. पहिल्यानुसार राजदूत, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि कायद्याने निर्माण झालेली इतर उच्च पदे राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने भरतो. दुसऱ्यानुसार कनिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्यांची नेमणूक केवळ राष्ट्राध्यक्षाकडे, न्यायालयांकडे किंवा खातेप्रमुखांकडे सोपविण्याची मुभा काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला, आहे. तिसरा भाग विरामकाळाचा आहे. सिनेटचे अधिवेशन चालू नसताना पद रिकामे असेल, तर राष्ट्राध्यक्ष तात्पुरती नेमणूक करू शकतो. ती पुढील अधिवेशनाच्या अखेरीस आपोआप संपते.

एका महत्त्वाच्या प्रश्नाविषयी मात्र संविधान मौन पाळते. नेमणुकीला सिनेटची संमती लागते. मग बडतर्फीला ती लागते की नाही? या मौनातून पुढे सुमारे दीडशे वर्षे वाद होत राहिले आणि एका राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चालविण्याचा प्रसंग आला.

प्रतिनिधिगृहाला, म्हणजे कनिष्ठ सभागृहाला, या प्रक्रियेत सर्वसाधारणपणे स्थान नाही. एकमेव अपवाद १९६७ साली संमत झालेल्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीचा आहे. उपराष्ट्राध्यक्षपद मध्येच रिकामे झाल्यास राष्ट्राध्यक्षाने सुचविलेल्या व्यक्तीला दोन्ही सभागृहांची मान्यता लागते. १९७३ साली जेराल्ड फोर्ड आणि १९७४ साली नेल्सन रॉकफेलर हे या मार्गाने उपराष्ट्राध्यक्ष झाले.

उगम

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया येथे भरलेल्या संविधान परिषदेत नेमणुकांचा अधिकार कोणाला द्यावा, यावर दीर्घकाळ एकमत होत नव्हते. इंग्लंडच्या राजाने वसाहतींमध्ये पदांची खिरापत वाटून माणसे बांधून ठेवली, हा अनुभव सदस्यांच्या मनात ताजा होता. त्यामुळे व्हर्जिनियाच्या मूळ आराखड्यात न्यायाधीशांची निवड विधिमंडळानेच करावी, असे म्हटले होते. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांचे मत याच्या अगदी उलट होते. अनेक जण मिळून निवड करू लागले, की कटकारस्थाने आणि देवाणघेवाण अटळ होते. शिवाय चूक झाल्यास जबाबदार कोणालाच धरता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

तडजोडीचा मार्ग मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी नॅथॅनियल गोरहॅम यांनी सुचविला. त्यांच्या राज्यात गव्हर्नर आपल्या मंडळाच्या सल्ल्याने व संमतीने नेमणुका करीत असे. तीच पद्धत राष्ट्रासाठी स्वीकारावी, हा त्यांचा प्रस्ताव आरंभी मागे पडला. परंतु सप्टेंबरमध्ये, परिषद संपत आली असता, जवळजवळ त्याच रूपात तो मान्य झाला. लहान राज्यांनाही तो सोयीचा होता, कारण सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला, ते लहान असो वा मोठे, दोनच जागा होत्या.

संविधानाला राज्यांची मान्यता मिळविण्यासाठी लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' लेखमालेतील ७६ व ७७ क्रमांकांच्या लेखांत अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी या तरतुदीचे समर्थन केले. एकाच माणसाने नाव सुचविले की त्या नावाची लाज किंवा अभिमान त्या एकाचाच असतो. आणि ते नाव दुसऱ्या सभागृहापुढे उघडे करावे लागणार, या जाणिवेने तो आपले नातलग, आपल्या राज्यातील मंडळी किंवा केवळ होयबा पुढे करताना कचरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. सिनेट नावे क्वचितच फेटाळील, पण या अधिकाराचा परिणाम बहुतांशी न दिसताच घडेल, हे त्यांनी हेरले होते. एका बाबतीत मात्र हॅमिल्टन यांचे भाकीत चुकले. बडतर्फीलाही सिनेटची संमती लागेल, असे त्यांनी सत्याहत्तराव्या लेखात गृहीत धरले होते. प्रत्यक्षात १७८९ साली, पहिल्याच काँग्रेसमध्ये, परराष्ट्र खात्याच्या विधेयकावरील चर्चेत जेम्स मॅडिसन यांच्या पुढाकाराने बडतर्फीचा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडेच असल्याचे मानले गेले. सिनेटमध्ये यावर समसमान मते पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या निर्णायक मताने प्रश्न सुटला.

कार्यपद्धती

राष्ट्राध्यक्ष नाव लेखी संदेशाद्वारे सिनेटकडे पाठवितो. तत्पूर्वी संबंधित व्यक्तीची पार्श्वभूमी संघीय अन्वेषण संस्थेकडून तपासली जाते आणि तिला आपल्या मालमत्तेचा व आर्थिक हितसंबंधांचा तपशील द्यावा लागतो. नाव आल्यावर ते विषयानुरूप समितीकडे जाते: न्यायाधीशांचे न्यायविषयक समितीकडे, राजदूतांचे परराष्ट्र संबंध समितीकडे, सेनाधिकाऱ्यांचे सशस्त्र सेवा समितीकडे. महत्त्वाच्या पदांसाठी जाहीर सुनावणी होते. समितीने शिफारस केल्यावर नाव सभागृहापुढे येते आणि साध्या बहुमताने निर्णय होतो. समसमान मते पडल्यास सिनेटचा पदसिद्ध अध्यक्ष या नात्याने उपराष्ट्राध्यक्ष निर्णायक मत देतो.

सिनेटच्या संमतीची आवश्यकता असलेली मुलकी पदे सुमारे १,३०० आहेत. सेनाधिकाऱ्यांच्या बढत्यांची संख्या याहून कितीतरी मोठी असून त्यांच्या याद्या बहुधा एकत्रितपणे व चर्चेविना मंजूर होतात.

नाव उघडपणे फेटाळले जाणे ही विरळा घटना आहे. बहुतेक अडचणीची नावे मतदानापर्यंत पोहोचतच नाहीत: समिती सुनावणीच ठेवत नाही, किंवा पराभव दिसू लागताच राष्ट्राध्यक्ष नाव मागे घेतो. भारतीय वंशाच्या नीरा टंडन यांचे अर्थसंकल्प कार्यालयाच्या प्रमुखपदासाठी सुचविलेले नाव मार्च २०२१ मध्ये असेच मागे घेण्यात आले. फेटाळलेल्या नावांचीच मोजदाद करून सिनेटचे नियंत्रण दुबळे ठरविणे म्हणूनच योग्य नव्हे.

लेखी नियमांखेरीज काही प्रथाही प्रभावी आहेत. एखाद्या राज्यातील संघीय पदावरील नेमणुकीला त्या राज्याच्या सिनेटरचा विरोध असेल, तर इतर सदस्य त्याच्या मताचा मान राखतात. या प्रथेला 'सिनेटरी सौजन्य' म्हटले जाते. ऑगस्ट १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जॉर्जियातील सव्हाना बंदरावरील अधिकारीपदासाठी सुचविलेले बेंजामिन फिशबर्न यांचे नाव तेथील सिनेटरांच्या विरोधामुळे फेटाळले गेले, तेव्हापासून तिचा आरंभ मानतात. एखाद्या नावाविषयी शंका असल्यास सिनेटने आधी आपल्याला विचारले असते तर बरे झाले असते, अशा आशयाचे पत्र पाठवून वॉशिंग्टन यांनी दुसरे नाव सुचविले. न्यायाधीशांच्या बाबतीत याच प्रथेचे रूप म्हणजे 'निळी चिठ्ठी'. न्यायविषयक समिती संबंधित राज्याच्या दोन्ही सिनेटरांना निळ्या कागदावर त्यांचे मत विचारते. या चिठ्ठीला किती वजन द्यायचे, हे समितीच्या अध्यक्षावर अवलंबून राहिले आहे.

'होल्ड' ही दुसरी प्रथा. सिनेटचे बरेच कामकाज सर्वसंमतीने चालते. त्यामुळे एकटा सदस्यही आपली हरकत कळवून एखादे नाव दीर्घकाळ रोखू शकतो. २०२३ साली अलाबामाचे सिनेटर टॉमी ट्युबरविल यांनी संरक्षण खात्याच्या गर्भपातविषयक प्रवासखर्चाच्या धोरणाला विरोध म्हणून सेनाधिकाऱ्यांच्या ४०० हून अधिक बढत्या कित्येक महिने अडवून धरल्या. त्या अधिकाऱ्यांचा त्या धोरणाशी काहीही संबंध नव्हता. त्यांपैकी बहुसंख्य बढत्यांवरील अडवणूक डिसेंबर २०२३ मध्ये मागे घेण्यात आली.

मंत्रिपदांवरील नेमणुका

आपले सहकारी निवडण्याची मोकळीक राष्ट्राध्यक्षाला असावी, असा संकेत असल्याने मंत्रिपदाचे नाव सिनेटने मतदानाने फेटाळल्याचे प्रसंग फार थोडे आहेत. असे पहिले नाव रॉजर टॅनी यांचे. राष्ट्राध्यक्ष अँड्रू जॅक्सन यांनी राष्ट्रीय बँकेविरुद्ध चालविलेल्या मोहिमेत टॅनी यांनी सरकारी ठेवी त्या बँकेतून काढून घेतल्या होत्या. त्याचा राग म्हणून जून १८३४ मध्ये सिनेटने त्यांना अर्थमंत्री म्हणून नाकारले. दोन वर्षांत सिनेटमधील संख्याबळ पालटले आणि त्याच टॅनी यांना सरन्यायाधीशपदासाठी तिची संमती मिळाली. पुढे १८५७ चा कुप्रसिद्ध ड्रेड स्कॉट निकाल त्यांच्याच हातून लिहिला गेला.

१८४३ व १८४४ ही वर्षे विशेष कटुतेची ठरली. आपल्याच पक्षाने वाळीत टाकलेले राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांची चार मंत्र्यांची नावे सिनेटने फेटाळली. ३ मार्च १८४३ रोजी केलेब कुशिंग यांचे नाव टायलर यांनी एकाच दिवसात तीनदा पाठविले आणि ते तिन्ही वेळा नाकारले गेले.

१९२५ सालचा चार्ल्स वॉरेन यांचा प्रसंग काहीसा विनोदी वाटला तरी बोधप्रद आहे. राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांनी त्यांना महान्यायवादी नेमण्याचे ठरविले होते. साखर उद्योगातील मक्तेदारीशी वॉरेन यांचे जुने संबंध होते आणि मक्तेदारीविरोधी कायदे अमलात आणणे हे तर महान्यायवाद्याचे कामच. मतदानात ४० विरुद्ध ४० अशी बरोबरी झाली. निर्णायक मत ज्यांनी द्यायचे ते उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स डॉस, त्या दिवशी मतदान होणार नाही अशा समजुतीने, हॉटेलात विश्रांतीसाठी गेले होते. ते धावतपळत येईपर्यंत एका सदस्याने आपले मत बदलले आणि नाव बारगळले. कूलिज यांनी ते पुन्हा पाठविले. या वेळी ते अधिक फरकाने पडले.

यानंतर मंत्रिपदाची दोनच नावे मतदानाने फेटाळली गेली आहेत: १९५९ साली व्यापारमंत्रिपदासाठीचे लुईस स्ट्रॉस (४६ विरुद्ध ४९) आणि १९८९ साली संरक्षणमंत्रिपदासाठीचे जॉन टॉवर (४७ विरुद्ध ५३). टॉवर हे स्वतः अनेक वर्षे सिनेटर होते, तरीही जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना नाकारले. फेब्रुवारी २०१७ मध्ये शिक्षणमंत्री बेट्सी डेव्होस यांच्या नावावर ५०-५० अशी बरोबरी झाली आणि मंत्र्याच्या नेमणुकीसाठी उपराष्ट्राध्यक्षाला निर्णायक मत द्यावे लागण्याचा तो पहिला प्रसंग ठरला. जानेवारी २०२५ मध्ये संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांच्या वेळी त्याची पुनरावृत्ती झाली.

बडतर्फीचा वाद

यादवी युद्धानंतर राष्ट्राध्यक्ष अँड्रू जॉन्सन आणि काँग्रेस यांच्यात दक्षिणेच्या पुनर्रचनेवरून उघड संघर्ष सुरू झाला. १८६७ साली काँग्रेसने राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार डावलून 'पदावधी कायदा' संमत केला. सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला काढायचे झाल्यास पुन्हा सिनेटची संमती घ्यावी, असा त्याचा आशय होता. युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना वाचविणे हा त्यामागील एक हेतू होता. जॉन्सन यांनी कायदा झुगारून फेब्रुवारी १८६८ मध्ये स्टँटन यांना बडतर्फ केले आणि प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग आणला. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मते पडली. दोन-तृतीयांशांसाठी ३६ लागत होती. एका मताने राष्ट्राध्यक्ष वाचला. त्याच्या बचावासाठी महान्यायवादीपदाचा राजीनामा देणारे हेन्री स्टॅनबेरी यांना त्याच पदावर परत नेमण्यास मात्र सिनेटने नकार दिला.

हा कायदा १८८७ साली रद्द झाला. प्रश्नाचा न्यायालयीन निकाल लागण्यास १९२६ साल उजाडले, आणि तोही एका पोस्टमास्तरच्या प्रकरणात. ऑरेगनमधील पोर्टलंडचे पोस्टमास्तर फ्रँक मायर्स यांना राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या कारकिर्दीत सिनेटला न विचारता काढून टाकले होते. ही बडतर्फी वैध असून अशी संमती सक्तीची करणारा कायदाच संविधानविरोधी आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश विल्यम टॅफ्ट हे स्वतः माजी राष्ट्राध्यक्ष होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. १९३५ साली हंफ्रे यांच्या प्रकरणात न्यायालयाने या निकालाला मर्यादा घातली आणि स्वायत्त आयोगांच्या सदस्यांना सबळ कारणाशिवाय काढू नये, अशी अट काँग्रेस घालू शकते असे सांगितले. ही सीमारेषा पुढेही वादग्रस्तच राहिली.

पदांची वाटणी आणि १८८१ चा संघर्ष

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संमतीच्या अधिकाराचे रूपांतर सिनेटरांच्या मक्तेदारीत झाले होते. राज्यातील टपाल व जकात खात्यांतील पदे सिनेटरने सुचवायची आणि राष्ट्राध्यक्षाने त्यांवर शिक्का मारायचा, अशी रीत पडली. न्यूयॉर्क बंदराच्या जकात कार्यालयातील शेकडो नोकऱ्या हा पक्षयंत्रणेचा कणा होता आणि ती यंत्रणा सिनेटर रॉस्को काँकलिंग यांच्या मुठीत होती.

१८८१ साली राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांनी काँकलिंग यांना न विचारता, त्यांच्या विरोधी गटातील विल्यम रॉबर्टसन यांना त्या कार्यालयाचे प्रमुख नेमण्याचे ठरविले. सिनेट नमत नाही असे पाहून काँकलिंग आणि त्यांचे सहकारी टॉमस प्लॅट यांनी मे महिन्यात सिनेटचा राजीनामा दिला. राज्याचे विधिमंडळ आपल्याला सन्मानाने पुन्हा निवडून पाठवील, हा त्यांचा अंदाज होता. विधिमंडळाने दोघांनाही निवडले नाही आणि रॉबर्टसन यांची नेमणूक मंजूर झाली. २ जुलै रोजी नोकरीची आशा फोल ठरलेल्या चार्ल्स गिटो याने गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ सप्टेंबर रोजी ते मरण पावले. त्यांच्या जागी आलेले चेस्टर आर्थर हे काँकलिंग यांच्याच गटातले, आणि एकेकाळी त्याच जकात कार्यालयाचे प्रमुख. तरीही १८८३ साली गुणवत्तेवर आधारित नोकरभरतीचा पेंडलटन कायदा त्यांच्याच सहीने अमलात आला. सिनेटच्या संमतीने कार्यपालिकेला लगाम बसतो हे जितके खरे, तितकेच तो लगाम धरणारे हातही मोहाला बळी पडू शकतात, हे या प्रकरणाने उघड केले.

सर्वोच्च न्यायालयावरील नेमणुका

संघीय न्यायाधीश तहहयात असतात. राष्ट्राध्यक्षाची कारकीर्द चार किंवा आठ वर्षांची, पण त्याने नेमलेला न्यायाधीश पंचवीस-तीस वर्षे पदावर राहू शकतो. साहजिकच सर्वांत तीव्र झगडे या नेमणुकांवरून झाले आहेत. डिसेंबर १७९५ मध्ये वॉशिंग्टन यांनी विरामकाळात नेमलेले सरन्यायाधीश जॉन रटलेज यांना सिनेटने १० विरुद्ध १४ मतांनी नाकारले. इंग्लंडशी झालेल्या जे कराराविरुद्ध त्यांनी केलेले जहाल भाषण हे त्यामागील मुख्य कारण होते. उमेदवाराची राजकीय मते हा नकाराचा आधार होऊ शकतो, हे अशा रीतीने संविधान लागू झाल्यापासून काही वर्षांतच प्रस्थापित झाले. ती अलीकडची विकृती आहे, हा समज बरोबर नाही.

१९१६ साली लुईस ब्रँडाइस यांच्या नावावर दीर्घ जाहीर सुनावणी झाली. न्यायालयावर नेमलेले ते पहिले ज्यू न्यायाधीश. कामगारांच्या व ग्राहकांच्या बाजूने लढणारे वकील म्हणून उद्योगजगताचा त्यांना विरोध होता. ते स्वतः समितीपुढे आले नाहीत, कारण उमेदवाराने हजर राहण्याची रीतच तेव्हा नव्हती. ४७ विरुद्ध २२ मतांनी त्यांना संमती मिळाली. समितीपुढे स्वतः उत्तरे देणारे पहिले उमेदवार १९२५ सालचे हार्लन स्टोन होत. १९२९ पर्यंत नेमणुकांवरील चर्चा सिनेट बंद दाराआड करीत असे. त्या वर्षी ती खुली झाली.

१९८७ साली रॉबर्ट बोर्क यांचे नाव ४२ विरुद्ध ५८ मतांनी फेटाळले गेले. त्यांच्या विद्वत्तेविषयी वाद नव्हता. संविधानाचा अर्थ कसा लावावा यासंबंधीची त्यांची मते सिनेटच्या बहुमताला अमान्य होती. या सुनावणीत उमेदवाराने मनमोकळी उत्तरे दिली आणि त्याची किंमत मोजली, असा बोध पुढील उमेदवारांनी घेतला. प्रलंबित विषयांवर मत देण्याचे टाळणे ही तेव्हापासून सुनावण्यांची ठरीव रीत झाली असून, त्यामुळे त्यांतून उमेदवाराविषयी फारसे काही कळेनासे झाले आहे.

१३ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचे निधन झाले. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी १६ मार्च रोजी मेरिक गार्लंड यांचे नाव पाठविले. निवडणुकीचे वर्ष असल्याने ही जागा पुढील राष्ट्राध्यक्षाने भरावी, अशी भूमिका घेऊन रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने सुनावणीच घेतली नाही. २९३ दिवसांनी, ३ जानेवारी २०१७ रोजी, ते नाव आपोआप रद्द झाले. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे निधन झाले, तेव्हा निवडणुकीला दोन महिनेही उरले नव्हते. त्याच पक्षाच्या बहुमताने एमी कोनी बॅरेट यांचे नाव २६ ऑक्टोबर रोजी, मतदानाच्या आठ दिवस आधी, ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर केले. सिनेट आणि राष्ट्राध्यक्ष एकाच पक्षाचे असणे व नसणे एवढाच काय तो दोन प्रसंगांतील निर्णायक फरक. संमती न देण्याची कालमर्यादा संविधानात नाही. त्यामुळे या दोन्ही कृती नियमांत बसणाऱ्या होत्या आणि त्यांची योग्यता हा निव्वळ संकेतांचा प्रश्न होता.

बहुमताच्या नियमातील बदल

सिनेटमध्ये चर्चा लांबवून मतदान रोखता येते आणि चर्चा बंद करण्यासाठी १०० पैकी ६० मते लागत. याचा अर्थ वादग्रस्त नावासाठी विरोधी पक्षातील काहींचा पाठिंबा मिळविणे भाग असे. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी डेमोक्रॅटिक बहुमताने सर्वोच्च न्यायालय वगळता इतर सर्व नेमणुकांसाठी ही अट साध्या बहुमतावर आणली. ६ एप्रिल २०१७ रोजी रिपब्लिकन बहुमताने सर्वोच्च न्यायालयासाठीही ती काढून टाकली आणि नील गोर्सच यांची नेमणूक ५४ विरुद्ध ४५ मतांनी मंजूर झाली. २०१९ साली कनिष्ठ पदांवरील चर्चेचा अवधी ३० तासांवरून २ तासांवर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक नावे एकगठ्ठा मंजूर करण्याची मुभा देणारा बदल झाला. प्रत्येक वेळी आदल्या खेपेस दुसऱ्या पक्षाने काय केले, याकडे बोट दाखविले गेले.

संमती टाळण्याचे मार्ग

विरामकाळातील नेमणूक ही मुळात प्रवासाला आठवडे लागत त्या काळची सोय. पुढे तिचा उपयोग अडून बसलेल्या सिनेटला वळसा घालण्यासाठी होऊ लागला. उत्तरादाखल सिनेटने दर तीन दिवसांनी काही क्षणांपुरती नाममात्र बैठक भरवून आपले अधिवेशन चालूच असल्याचे दाखविण्यास सुरुवात केली. जानेवारी २०१२ मध्ये ओबामा यांनी अशा बैठकांच्या मधल्या काळात राष्ट्रीय कामगार संबंध मंडळावर तीन सदस्य नेमले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने या नेमणुका अवैध ठरविल्या. सिनेट स्वतः अधिवेशन चालू आहे म्हणते तेव्हा ते चालू आहे असेच धरावे आणि दहा दिवसांहून कमी खंड हा सामान्यतः विरामकाळ मानू नये, असे न्यायालयाने म्हटले.

हंगामी अधिकारी हा अधिक प्रचलित मार्ग होय. १९९८ च्या कायद्यानुसार रिकाम्या पदावर हंगामी व्यक्ती सर्वसाधारणपणे २१० दिवस काम पाहू शकते. मुदतीचे अपवाद बरेच असल्याने महत्त्वाची खाती दीर्घकाळ हंगामी प्रमुखांच्या हाती राहिल्याची उदाहरणे आहेत. पदांची संख्या फार वाढल्यामुळे प्रक्रिया तुंबते, ही तक्रारही खरी आहे. २०१२ साली दीडशेहून अधिक पदे संमतीच्या कक्षेतून वगळली गेली, तरी त्याने मोठा फरक पडला नाही.

इतर देश

फिलिपिन्समध्ये दोन्ही सभागृहांच्या प्रत्येकी १२ सदस्यांचा नेमणूक आयोग असून सिनेटचा अध्यक्ष त्याचा पदसिद्ध प्रमुख असतो. २०१७ साली या आयोगाने पर्यावरणमंत्री जीना लोपेझ यांची नेमणूक नाकारली. दक्षिण कोरियात पंतप्रधानाच्या नेमणुकीला राष्ट्रीय सभेची संमती लागते. इतर मंत्र्यांची केवळ सुनावणी होते. युरोपीय संसद आयोगाच्या सदस्यांची स्वतंत्र सुनावणी घेते, मात्र मत संपूर्ण आयोगावर देते. ब्रिटनमध्ये २००८ पासून काही सार्वजनिक पदांच्या उमेदवारांना संसदीय समित्या प्रश्न विचारतात, पण त्यांचे मत बंधनकारक नसते. २००९ साली इंग्लंडच्या बालहक्क आयुक्तपदाच्या उमेदवाराला समितीने पाठिंबा नाकारला, तरी मंत्र्याने नेमणूक केलीच.

भारतातील विचार

भारताच्या संविधान सभेपुढे अमेरिकेचा हा नमुना होता. न्यायाधीशांच्या नेमणुकांवरील चर्चेला २४ मे १९४९ रोजी उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी इंग्लंडप्रमाणे कार्यपालिकेला पूर्ण मोकळीक देणे आणि अमेरिकेप्रमाणे विधिमंडळाची संमती घेणे, हे दोन्ही मार्ग येथे योग्य नाहीत असे सांगितले. दुसऱ्या मार्गाने प्रक्रिया अवजड होते आणि नेमणुकीवर राजकीय दबाव येतो, असे त्यांचे मत होते. म्हणून सरन्यायाधीश व इतरांशी विचारविनिमय हा मधला मार्ग स्वीकारण्यात आला.

निवडणूक आयोगाच्या बाबतीत त्यांची भूमिका निराळी होती, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. जून १९४९ मध्ये शिब्बनलाल सक्सेना यांनी मुख्य निवडणूक आयुक्ताच्या नेमणुकीला संसदेच्या संयुक्त बैठकीत दोन-तृतीयांश बहुमताची मान्यता असावी, अशी सूचना मांडली. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळामागे लोकसभेचे बहुमत असतेच. त्यामुळे साध्या बहुमताची संमती हा निव्वळ उपचार ठरला असता, हे दोन-तृतीयांशांच्या अटीमागील मर्म होय. आंबेडकरांनी अमेरिकेच्या तरतुदीचा दाखला देऊन या सूचनेत तथ्य असल्याचे मान्य केले. पदावधी कितीही सुरक्षित केला, तरी मुळात अयोग्य किंवा सरकारच्या अंगठ्याखालचा माणूस नेमला जाऊ नये यासाठी मसुद्यात काहीच तरतूद नाही, ही अडचण त्यांनी स्वतः बोलून दाखविली. सक्सेना यांची सूचना स्वीकारली गेली नाही. मात्र नेमणूक संसदेने केलेल्या कायद्याच्या अधीन राहील, अशी शब्दयोजना ३२४ व्या अनुच्छेदात आली.

तो कायदा होण्यास चौऱ्याहत्तर वर्षे लागली. २ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनूप बरनवाल प्रकरणात, कायदा होईपर्यंत पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने नेमणुका व्हाव्यात, असा निर्णय दिला. डिसेंबर २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्याने सरन्यायाधीशांऐवजी पंतप्रधानांनी सुचविलेला केंद्रीय मंत्री समितीवर आला. तीनपैकी दोन सदस्य सरकारचेच असल्याने विरोधी पक्षनेत्याच्या उपस्थितीला अर्थ काय, हा या कायद्यावरील मुख्य आक्षेप आहे.

विरोधी पक्षनेत्याचा समावेश असलेल्या समित्या हीच विधिमंडळाच्या संमतीला भारताने शोधलेली पर्यायी वाट म्हणता येईल. केंद्रीय दक्षता आयुक्त, मुख्य माहिती आयुक्त, लोकपाल, राष्ट्रीय मानवाधिकार आयोग यांच्या नेमणुका या मार्गाने होतात. माहिती अधिकार कायद्याखाली राज्य माहिती आयुक्तांची शिफारस मुख्यमंत्री, विधानसभेतील विरोधी पक्षनेता आणि एक मंत्री यांची समिती करते. महाराष्ट्र व गोव्यालाही हेच लागू आहे. अशा समितीतील भिन्न मताला किती किंमत असते, याची कसोटी २०१० साली लागली. दक्षता आयुक्तपदासाठी पी. जे. थॉमस यांच्या नावाला विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी लेखी विरोध नोंदविला असतानाही दोन विरुद्ध एक मताने ते पुढे गेले. ३ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिफारस अवैध ठरविली, कारण थॉमस यांच्यावरील प्रलंबित खटल्याचा समितीने विचारच केला नव्हता. समितीचा निर्णय एकमताने व्हावा असे बंधन न्यायालयाने घातले नाही; परंतु असहमत सदस्याने आपली कारणे नोंदवावीत आणि बहुमताने ती का डावलली हेही नमूद करावे, असे स्पष्ट केले.